नंदूच्या साहेबांसाठी टॉवेल-टोपी

अकोल्याच्या फलाटावर गाडी येऊन उभी राहिली तेव्हा आमचं भांडण चालू होतं. भांडण एका पिशवीवरून होतं. आईची वळकटी, तूरडाळीचं गाठोडं, पाण्याची बाटली आणि माझी बॅग मी भराभर डब्यात टाकली. पण बाबा आपली कापडी पिशवी हातातून सोडायला तयार नव्हते. तिच्यात एक पांढरा टॉवेल, एक गांधी टोपी आणि एक नारळ होता. नंदूच्या साहेबांसाठी.

नंदू माझा धाकटा भाऊ, घरातलं शेंडेफळ. पुण्याजवळ हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत इंजिनिअर. मी अकोटच्या वाचनालयात ग्रंथपाल. लोकांनी लिहिलेली प्रवासवर्णनं कपाटात लावण्यात माझं आयुष्य चाललंय, त्यामुळे प्रवास कसा आखावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती मी न विचारताही सांगते. वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी हे लिहिते आहे. माझ्या नावावर छापून येणारं हे पहिलंच प्रवासवर्णन.

पिशवीचं सांगायला हवं. आमच्या घरात रीत अशी की, पोरगा ज्याच्या हाताखाली लागला त्या माणसाला बापाने स्वतः जाऊन भेटायचं, टॉवेल-टोपी आणि नारळ द्यायचा आणि 'पोराला सांभाळा' म्हणायचं. बाबा कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत लागले तेव्हा आजोबा बैलगाडीने जाऊन मॅनेजरला भेटून आले होते. मॅनेजरने त्यांना बसायला खुर्ची दिली होती. ही गोष्ट आमच्याकडे दर सणाला जेवणाच्या पंगतीत निघते. नंदूला लागून काही वर्षं झाली होती, पण बाबांची साहेबभेट काही ना काही कारणाने राहून गेली होती.

त्या फाल्गुनात डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. डावा डोळा गेलाच होता. उजवाही जाणार, औषधाने फक्त वेळ लांबवता येईल, असं त्यांचं म्हणणं. बाबांना समोरचं तेवढं दिसायचं, नळीतून पाहिल्यासारखं. कडेचं सगळं अंधारलेलं. "जे काही पाहायचं असेल ते यंदाच पाहून घ्या," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या डोक्यात काशी-रामेश्वर असणार. बाबा म्हणाले, "मले नंदूचं हापीस पाहाचं हाये."

म्हणून पाडवा झाल्यावर, उन्हं फार तापायच्या आत, पुण्याला जायचं ठरलं. आखणी नंदूने फोनवर केली आणि दर रविवारी तिच्यात भर घातली. शनिवारवाडा, तुळशीबाग, पर्वती, सारसबाग, कात्रजचे साप, मुळशीचं धरण. कार्यक्रम इतका भरगच्च की दोन म्हाताऱ्या माणसांना श्वास घ्यायला जागा नाही, आणि त्यात ऑफिसचं नाव कुठेच नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाला, "सिक्युरिटी फार कडक असते, बाबा. बाहेरच्यांना आत सोडत नाहीत."

"आत कायले याचं? साहेबाले फाटकापाशी बोलव," बाबा म्हणाले.

नंदू नुसता हसला. माझ्या मनात पाल चुकचुकली. पोराला धोतरातल्या बापाची आणि आमच्या वऱ्हाडी बोलीची लाज वाटत असणार, असं मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की मी सहसा बदलत नाही.

पुणे स्टेशनवर सकाळी उतरलो आणि धक्क्यांना सुरुवात झाली. पहिला धक्का आईला. स्कूटरवरून जाणाऱ्या एकूणएक पोरींनी डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला फडकी गुंडाळली होती. आई माझ्या दंडाला धरून उभी राहिली. "मालू, ह्या पोरी तोंडं बांधून कायले फिरून रायल्या? दरोडा टाकाले चालल्या का?" धुळीसाठी आणि उन्हासाठी बांधतात, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही.

दुसरा धक्का आम्हा तिघांना. नंदू पांढरी मोटार घेऊन आला होता आणि ती स्वतः चालवत होता. आमच्या घरात कोणाला बैलगाडीपुढे काही हाकता येत नाही. "कधी शिकला तू?" मी विचारलं. "इथं सगळ्यांनाच येतं, ताई. घरमालकांची गाडी आहे, लागेल तेव्हा देतात." त्याने मागचं दार उघडून धरलं, बाबांचं डोकं वर आपटू नये म्हणून दाराच्या चौकटीला हात लावून ठेवला, आई नीट बसल्याची खात्री केली आणि मगच दार लावलं. किती अदब आली पोराला, असं मला वाटलं.

पुणं संपलं असं मला निदान तीनदा तरी वाटलं, आणि तीनदा ते पुन्हा सुरू झालं. पूल, पुलावर पूल, मग अर्धवट उभ्या इमारती, मग हिंजवडीच्या काचा. काचांच्या त्या इमारती पाहून मी खरंच हबकले. पुस्तकातल्या परदेशासारख्या त्या उभ्या होत्या आणि समोरच्या वावरात एक म्हातारा हरभऱ्याचा भुसा गोळा करत होता. "यातली तुह्यी कोणती?" बाबांनी विचारलं. नंदू रस्त्याकडे पाहत म्हणाला, "ती मागं राहिली, बाबा."

मुळशी तालुक्यातलं जांबे गाव त्याच्या पलीकडे. गावाच्या कडेला जुनी कौलारू घरं आणि त्यांच्या डोक्यावर, अंगावर, मागेपुढे नव्या खोल्यांच्या चाळी. प्रत्येक गॅलरीत पँटी वाळत घातलेल्या, आणि त्या पँटींचे मालक बंगालपासून केरळपर्यंतचे. नंदूची खोली बबनरावांच्या घरावर होती. बबनराव म्हणजे घरमालक. पन्नाशीचा धिप्पाड माणूस, जमिनीचा तुकडा कंपन्यांच्या रस्त्यात गेल्यावर दोन मोटारी घेऊन त्या कंपनीला लावलेला, म्हणजे नोकरदारांना घरून आणायच्या आणि घरी सोडायच्या कामाला. त्यांनी बाबांचा हात धरून ओसरीवर नेलं.

"या पाव्हणं, या. लई दिस वाट बगतुया तुमची," ते म्हणाले. "पोरगं तुमचं लई गुणाचं हाय. हितं आमच्यातलंच झालंय."

त्यांच्या बायको शांताबाईंनी तांदळाची भाकरी, काळ्या वाटाण्याची आमटी आणि आंबेमोहोर (मुळशीकडचा वासाचा तांदूळ) असा बेत केला होता. भात शिजल्याचा वास आम्ही वर सामान ठेवायला जिना चढतानाच घेतला होता. आम्ही ज्वारीची माणसं. भात आमच्याकडे शेवटी दोन घास. इथे भाताने सुरुवात, भाताने शेवट. आईने आमटीत तिखट कमी असल्याचं मला खुणेने सांगितलं आणि दोनदा मागून घेतली.

जेवताना बाबा बबनरावांना म्हणाले, "तुमी याच्या साहेबाले ओळखता का?"

बबनरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी नंदूकडे पाहिलं. नंदूने ताटाकडे पाहिलं. शांताबाई म्हणाल्या, "भात वाढू का वो?" आणि नको म्हणायच्या आत वाढला. मला वाटलं, सगळं गाव याच्या कटात सामील आहे. बापाला साहेबापासून लांब ठेवायचा कट.

दुसऱ्या दिवशी शहर. शनिवारवाड्याने बाबांना मोठाच धक्का दिला. दिल्ली दरवाजा पाहून ते खूश झाले. मान मागे टाकून, तो एकच डोळा फिरवत खिळे पाहत राहिले. मग आत गेलो. आत हिरवळ, जोती आणि कारंज्यांचे खड्डे.

"वाडा कोठी हाये?" बाबांनी विचारलं.

"जळाला, बाबा. एवढंच उरलंय."

"म्हणजे इतका मोठा दरवाजा आन् आत काईच नाई?" ते एका जोत्यावर बसले. "मंग लोक कायले येतात?" शेजारी बसलेल्या पुणेरी गृहस्थांना हे ऐकू गेलं. ते वळून म्हणाले, "ज्यांना इतिहास समजतो ते येतात." मी त्यांना दोन शब्द सुनावले. ते छापण्याजोगे नाहीत, पण वाचनालयात चाळीस-पन्नास पोरं गप्प करणारी बाई आहे मी. गृहस्थ उठून दुसऱ्या जोत्यावर गेले.

तुळशीबागेत आई हरवली. मी जागच्या जागी गार पडले. बाबांना एका दुकानाच्या पायरीवर बसवून नंदू आणि मी दोन बाजूंना धावलो. सापडली ती पितळी भांड्यांच्या दुकानात, मालकाला पुरणयंत्राची जाळी कशी असावी ते समजावून सांगताना. मालक हात जोडून उभा होता.

परतताना नंदूने पाषाणवरून सूसचा रस्ता धरला. सूस जुनं गाव, पण आता टेकडीच्या उतारावर सोसायट्या चढत होत्या, आणि प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी पाण्याचा टँकर. धरणांच्या तालुक्यात टँकरने पाणी पितात हे पाहून मी तोंडात बोट घातलं. आई मागच्या सीटवर झोपली होती. बाबा जागे होते. "उद्या हापीस," ते म्हणाले. नंदू म्हणाला, "उद्या मला अचानक काम आलंय, बाबा. तुम्ही आराम करा. परवा धरण पाहू."

मी त्याला काही बोलले नाही. मनातल्या मनात मात्र इतकं बोलले की घरी पोहोचेपर्यंत माझाच घसा सुकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदू आम्ही उठायच्या आत निघून गेला होता. बाबांनी अंघोळ केली, पांढरं धोतर नेसलं, लग्नासमारंभाचा कोट चढवला, आपली टोपी नीट बसवली आणि पिशवी घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

"चाल, मालू. आपलं आपण जाऊ."

मी नको म्हणायला हवं होतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पण त्या सकाळी मला राग आला होता आणि रागाला निमित्त हवं होतं. तुला लाज वाटते ना, मग बघ, तुझ्या फाटकाशीच आणून उभा करते बापाला. मी आईलाही नवं लुगडं नेसवलं.

ओसरीवर शांताबाई कुरडया वाळत घालत होत्या. आम्हाला तशा थाटात पाहून त्या लगबगीने उठल्या. "आवो ताई, कुटं निगालात? ऊन झालंय. मालक येऊ द्या, ते न्हेत्याल."

"भावाचं ऑफिस पाहायला," मी म्हटलं.

"आज न्हाई गेलं तर न्हाई का चालायचं?" त्यांचा आवाज इतका कळवळला होता की दुसरं कोणी असतं तर थांबलं असतं. मी थांबले नाही.

डुगडुगीने (सहा माणसांच्या जागेत दहा बसवणारी मोठी रिक्षा) आम्ही हिंजवडीला पोहोचलो. कंपनीचं नाव आम्हाला तोंडपाठ होतं. बाबांनी ते गावात इतक्या वेळा सांगितलंय की आमच्या गल्लीतल्या न्हाव्यालाही येतं. फाटक पाहून बाबा थांबले. मग जवळ गेले, दूर गेले, पुन्हा जवळ गेले. नळीतून मावेल तेवढी इमारत तुकड्यातुकड्याने पाहत होते. "मोठं हाये," ते आईला म्हणाले. "लय मोठं हाये." त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. त्या वेळी मला माझ्या धाडसाचं फार कौतुक वाटलं.

फाटकावरच्या हिंदी बोलणाऱ्या पहारेकऱ्याने नाव विचारलं, आत फोन लावला, नाव दोनदा फोडून सांगितलं आणि मान हलवली. "इस नाम का कोई नहीं है, मॅडम."

"नीट बघा," मी म्हटलं. "इंजिनिअर आहे. तीन-चार वर्षं इथेच आहे."

"नहीं है, मॅडम."

मी आवाज चढवला. म्हातारी माणसं उन्हात उभी आहेत, तुमचा यादीचा घोळ तुम्ही निस्तरा, वगैरे. आवाज ऐकून आतून दुसरा पहारेकरी आला, जवळच्याच गावचा. बाबांचं धोतर आणि कोट पाहून तो अदबीने थांबला. "कोण पायजेल, आज्जा?"

"नंदकिशोर," बाबा म्हणाले. "अकोटचा. मी त्याचा बाप."

"आकोटचा? म्हंजी तो वऱ्हाडी नंदू का?" पहारेकऱ्याचा चेहरा उजळला. बाबांनी माझ्याकडे अभिमानाने मान वळवली. पाह्य, ओळखते, अशी ती मान होती. "आवो मग हितं कशाला हुबं ऱ्हाता? बबनरावाच्या गाडीवरला डायवर ना? डायवर लोकं तिकडं पलीकडं बसत्यात, झाडाखाली. थांबा, येईलच आता त्याची टिरीप."

आणि ती आलीच. पांढरी मोटार फाटकाशी थांबली. पांढरा सदरा घातलेला नंदू उतरला, वळसा घालून आला आणि मागचं दार उघडून, चौकटीला हात लावून उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या दोन पोरी बोलत बोलत उतरल्या आणि फाटकातून आत गेल्या.

मग त्याने आम्हाला पाहिलं.

 मी फाटकाच्या गजाला धरलं. तीन दिवसांत मी कितीतरी वेळा हबकले, गार पडले असं वर लिहिलंय. त्या सगळ्या नुसत्या गमती होत्या. नंदूचा हात दारावर तसाच होता आणि तो लहानपणी ताप चढला की दिसायचा तसा दिसत होता. आई त्याच्या सदऱ्याकडे बघत होती.  मागे तीन-चार गाड्या अडल्या आणि कोणीतरी हॉर्न वाजवायला लागलं.

"गाडी बाजूले घे, नंदू," बाबा म्हणाले. "मागं लाइन लागली."

पलीकडे करंजाच्या झाडाखाली आठ-दहा मोटारी उभ्या होत्या. तिथे एका टपरीच्या बाकावर आम्ही बसलो आणि नंदूने सगळं सांगितलं. अमेरिकेत मंदी आली आणि इथली कामं आटली. आधी बरेच दिवस नुसतं बसवून ठेवलं. मग एका दुपारी बोलावून राजीनाम्यावर सही घेतली. खोक्यात सामान घेऊन तो फाटकाबाहेर आला तेव्हा मागच्या गणपतीचे दिवस होते. दुसरीकडे अर्ज केले. सगळीकडेच तीच रड. शेवटी बबनरावांनी त्याला रिकाम्या मैदानावर गाडी शिकवली आणि परवाना हातात आल्यावर किल्ली दिली. गाडी लागली ती नेमकी त्याच कंपनीला.

"गावाले याचं होतं," आई म्हणाली.

"काय सांगून येऊ?"

 मग मला जो प्रश्न सुचलाच नव्हता तो आईने विचारला. "मंग दर रविवारी फोनवर तू मले कंपनीतलं सांगे, ते कोणाचं सांगे? त्या रेश्माचं लग्न ठरलं, त्या दासबाबूले साहेब रागावला, क्यांटीनात कायची भाजी बिघडली..."

"मागच्या सीटवर बोलतात ते, आई. गाडी चालवताना ऐकू येतं."

आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि तिथेच, बाकावर, पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही रडले. मला माझ्या भावाची दया आली, आणि त्याला लाज वाटते असं मी धरून बसले होते याची शरम वाटली, आणि त्याहून जास्त त्या काचेच्या इमारतीचा राग आला. नंदू मात्र रडत नव्हता. तो सारखा घड्याळ पाहत होता.

"तुह्यी पुढची पाळी किती वाजता?" बाबांनी विचारलं.

"आता निघायला पाहिजे. बाणेरवरून तिघांना घ्यायचंय."

"मंग जा. आमी बसतो अठीच. पाळी चुकवू नको."

तो गेला. आम्ही बसून राहिलो. बाकीचे ड्रायव्हर एकेक करत जवळ आले, आमच्यासाठी चहा आणला, बाबांना सावलीत सरकवलं. सगळे 'नंदूचे बाबा' म्हणून बोलत होते. पिशवी बाबांच्या मांडीवर होती आणि तिच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती.

संध्याकाळी नंदूबरोबर जांब्याला आलो तर बबनराव ओसरीवर खाली मान घालून उभे होते. आम्ही कुठे गेलो ते शांताबाईंनी त्यांना सांगितलेलं दिसलं. "म्या त्याला म्हनलं हुतं, बापाला सांगून टाक. पर आयकत न्हाई," ते म्हणाले. "तुमी रागावू नगा त्याच्यावर. गाडी लई जपून हाकतोय. पोरी म्हंत्यात, नंदूचीच गाडी लावा म्हणून."

बाबांनी पिशवीतून टॉवेल काढला. झटकून घडी मोडली आणि बबनरावांच्या खांद्यावर घातला. मग टोपी काढली. बबनराव एकदम दोन पावलं मागे सरले.

"आवो, आवो, काय करताय? उलटं झालं ह्ये. पाव्हणं तुमी. हितं टॉवेल-टोपी आमी घालायची आस्ती."

"तुमची रीत तुमी पाहा. माह्यी रीत अशी हाये. पोरगा ज्याच्या हाताखाली लागला त्याले बापानं भेटाचं."

"म्या कसला सायेब? म्या सातवी नापास माणूस."

"वाका जरा. मले वरचं दिसत नाई."

धिप्पाड बबनराव वाकले. बाबांनी हाताने चाचपून टोपी बसवली, नारळ ओंजळीत दिला आणि म्हणाले, "पोराले सांभाळा."  बबनरावांनी टोपी सावरली, घरात गेले आणि नवाकोरा टॉवेल आणि टोपी घेऊन बाहेर आले. मुळशीच्या माणसाच्या दारातून पाहुणा बोडका जाणार नव्हता. बाबांच्या डोक्यावर आधीच टोपी होती. तिच्यावरच दुसरी बसली. शांताबाईंना हसू आवरेना, मग आईला, मग आम्हा सगळ्यांना. दिवसभरात नंदू पहिल्यांदा रडला तो तेव्हा.

चौथ्या दिवशी बबनरावांनी स्वतः नंदूच्या पाळ्यांना माणूस दिला आणि गाडी, नंदूसकट, आमच्यासाठी ठेवली. घोटवड्यावरून पौडला गेलो. पौड म्हणजे तालुक्याचं गाव. तहसील कचेरीपुढे कागद हातात घेऊन बसलेली माणसं, एसटी स्टँडवर कलिंगडाच्या फोडी. आईने तिथे हिरवी करवंदं घेतली लोणच्यासाठी. पुढे डोंगर जवळ आले, पळस फुलून संपत आलेला, आणि एका वळणावर धरणाचं पाणी अचानक समोर उभं राहिलं. इतकं पाणी आईने आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती काठावर उभी राहून हात जोडत होती. सूसचे टँकर मला आठवले आणि पुन्हा राग आला. बाबा मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. मागच्या सीटच्या मधोमध बसून समोर पाहत होते. पाय दुखत असतील म्हणून मी आग्रह केला नाही.

परतीच्या प्रवासात माझी एकच आखणी चालली होती: अकोटला काय सांगायचं. कंपनी दुसऱ्या इमारतीत हलते आहे म्हणून आत जाता आलं नाही. साहेब परदेशात आहेत. टॉवेल-टोपी नंदूकडे ठेवून आलो. मनमाड जाईपर्यंत मी ते इतकं चोख बसवलं की मलाच खरं वाटायला लागलं. आईला शिकवलं. बाबांना सांगायला गेले तर ते झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याच्या दुकानापुढे जिनिंगमधली निवृत्त मंडळी बसतात. रिक्षातून उतरतो न उतरतो तोच एकाने विचारलं, "काय मंग, पाह्यलं का पोराचं हापीस?"

मी तोंड उघडलं. बाबा आधी बोलले. "हापीस गेलं. मंदीत नोकरी गेली त्याची. आता गाडी चालवते. कामावरच्या पोरीबाळी घरापाशी नेऊन सोडते."

 न्हाव्याची कात्री थांबली. मग कोणीतरी हळूच म्हणालं, "इंजिनेर असून?"

"हो. इंजिनेर असून," बाबा म्हणाले, आणि त्यांच्यात जागा करून बसले. फाटकाशी मी हादरले होते त्याहून जास्त तिथे हादरले. बाबांना त्या मंडळींच्या नजरेची एवढी भीती नव्हती, जेवढी मला होती.

पुढच्या वर्षी नंदूला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी त्याने फोन केला. "बाबा, आता या. साहेबांना सांगून ठेवलंय, आत घेऊन जाऊ देतात." तोपर्यंत बाबांचा उजवा डोळाही गेला होता. ते म्हणाले, "आता काय पाहू बाबू? पाह्यलं मी जे पाहाचं ते," आणि फोन माझ्याकडे दिला.

नंदूला वाईट वाटलं. मलाही वाटलं. संध्याकाळी त्यांचा हात धरून अंगणात नेताना मी विचारलं, "काय पाहिलं हो बाबा पुण्याला? शनिवारवाडा आवडला नाही. धरणाला तर तुम्ही गाडीतून उतरला नाहीत."

"समोर आरसा असते ना गाडीत," बाबा म्हणाले. "त्याच्यातून तो मले पाहे. वळण आलं की पाहे, खड्डा गेला की पाहे. बापाले लागलं तर नाई, म्हणून. पूर्ण रस्ता पाहे." त्यांनी पायाने अंगणातली पायरी चाचपली. "त्याले वाटे, मले दिसत नाई."